बीव्हर्स जिंकले त्या आठवड्याची हकिकत

माणसाला आनंद झाला की तो घरी जातो. वाईट वाटलं की फोन करतो. कॅल्डर हार्बरच्या क्रीडा नभोवाणी केंद्राचा सगळा डोलारा या एकाच नैसर्गिक नियमावर उभा आहे.

केंद्राची स्थापना चुकून झाली. मुळात तिथं दिवसभर पोल्का, म्हणजे अकॉर्डियनवरचं नाचाचं संगीत, वाजायचा. पण १९८८ साली गावचा बर्फावरच्या हॉकीचा संघ, बीव्हर्स, अंतिम सामना अगदी शेवटच्या मिनिटाला हरला. या खेळात चेंडूऐवजी असते ती चकती गोलकीपर आर्नी तुओमीच्या दोन पायांमधून आरामात निघून गेली. दुसऱ्या दिवशी निवेदक लेन झुबेकला पोल्का लावायचा धीर होईना. "बोला बाबांनो, आज तुम्हीच बोला," असं म्हणून त्यानं फोन मोकळे केले. लोक बोलले. ते अजून बोलताहेत.

पुढची वीस वर्षं केंद्राची सर्वांगीण प्रगती झाली, म्हणजे बीव्हर्स सतत हरले. हरण्याच्या आठवड्यात टायर, बिअर आणि छपरांच्या जाहिराती दुपटीनं येत. (दुःखी माणूस छप्पर दुरुस्त करून घेतो, असं एका पाहणीत आढळलं. पाहणी छपरवाल्यानंच केली होती.) फोन करणाऱ्यांना शिस्तही लागली. प्रत्येकानं आधी "बरीच वर्षं ऐकतोय, फोन पहिलाच," असं म्हणायचं आणि मग शिव्यांना हात घालायचा. निवृत्त क्रेनचालक वर्न हफनेगल हे वाक्य रोज सकाळी म्हणत. सोमवारी दोनदा.

आणि मग घात झाला. तोच आर्नी तुओमी संघाचा प्रशिक्षक झाला, आणि त्यानं गावाला चक्क चषक जिंकून दिला.

लेननं उभा जन्म या दिवसाची वाट पाहिली होती. सामना संपल्याचा भोंगा वाजला तेव्हा तो बायकोच्या, डोरीनच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडला. सकाळी नवा शर्ट घालून माईकसमोर बसला आणि म्हणाला, "मंडळी, फोन मोकळे आहेत!"

ते मोकळेच राहिले. चार तासांत एकाच म्हातारीचा फोन आला. "छान झालं हो," एवढं म्हणून तिनं ठेवून दिला. वर्न मासे पकडायला गेल्याचं कळलं. मंगळवारी तर म्हातारीचाही आला नाही. केंद्राचे मालक मॅगिन बुधवारी खोलीत येऊन म्हणाले, "लेन, शुक्रवारपर्यंत असंच चाललं तर पुन्हा पोल्का. तुझ्याशिवाय."

"जिंकलो ना रे आपण?" घरी डोरीननं विचारलं. "मग एरंडेल प्यायल्यासारखं तोंड कशाला?"

"कुणी फोनच करत नाही गं."

"अगं बाई! मग दे त्यांना रडायला काहीतरी."

ती थट्टेत म्हणाली. लेननं ते धोरण म्हणून स्वीकारलं.

शुक्रवारी विजयाची मिरवणूक होती. बरोबर त्याच वेळी लेननं १९८८ च्या सामन्याचं जुनं समालोचन पहिल्यापासून लावलं. चकती पुन्हा एकदा आर्नीच्या पायांमधून गेली, आणि फोनच्या सगळ्या लाईनी भरल्या. माणसं मिरवणूक सोडून गल्लीबोळांत शिरली, कारण वाद्यांच्या आवाजात नीट शिव्या देता येईनात.

"बरीच वर्षं ऐकतोय, फोन पहिलाच," वर्न म्हणाले. "हाकला त्या तुओमीला! डोळे होते की बटणं?"

"अहो वर्नदादा, परवाच त्यानं आपल्याला चषक—"

"विषय बदलू नकोस!"

पुढचा फोन मिरवणुकीतल्या ट्रकवरून होता. "लेन, बरीच वर्षं ऐकतोय, फोन पहिलाच." (हे वाक्य केंद्राच्या इतिहासात प्रथमच खरं निघालं.) "मी आर्नी. इथं ड्रायव्हरनं तुझंच लावलंय. पाय जुळवायला हवे होते रे मी. लोकांचं बरोबर आहे. असला माणूस संघात ठेवू नये."

लेनच्या ओठांवर आलं होतं, 'अरे वेड्या, तुझ्यामुळे मी परवा आनंदानं रडलो.' खरंच आलं होतं. पण समोर फोनच्या लाईनींचे सगळे दिवे लुकलुकत होते आणि काचेपलीकडून मॅगिन दोन्ही हात जोडून उभे होते.

"आर्नी," लेन म्हणाला, "जरा सविस्तर सांग."

त्यानं सविस्तर सांगितलं. संघाच्या मंडळानं लोकभावनेचा आदर करून सोमवारी त्याला काढून टाकलं. पुढच्या मोसमात बीव्हर्स एकूण एक सामना हरले, केंद्राचा नवा मनोरा उभा राहिला आणि लेनला 'खेळाची निरलस सेवा' केल्याबद्दल पितळी माईक मिळाला. आर्नी आता घरी बसून दुसऱ्या गावचा पोल्का ऐकतो. लेन कधी त्याच्या दारावरून गेला तर गाडी हळू करतो, थांबवत मात्र नाही. त्याला फार वाईट वाटतं. पण तो कुणाला फोन करणार?

तुमचं तसं नाही. बर्फावरच्या हॉकीबद्दल या मजकुरात एक तरी चूक तुम्ही पकडली असेलच आणि ती कळवायला हात शिवशिवत असतील. अवश्य कळवा. मजकूर आवडला असेल तर मात्र तसदी घेऊ नका. तशी ती तुम्ही आजवर कधी घेतलेलीही नाही.