दामूआप्पांची ओहोटी

धसईच्या बाजारात उभं राहिलं की दिसतात ते डोंगर. समुद्र बघायचा तर गाड्या बदलत जावं लागतं, आणि गावातल्या कित्येक म्हाताऱ्यांनी तो अजून पाहिलेला नाही. अशा गावात दामूआप्पा माझ्या पिठाच्या गिरणीच्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आत्ता भरती लागली बघ."

नवखा माणूस आशेनं थांबायचा. "कुठं लागली, आप्पा? पोलिसात?"

"अरे, दर्याला!"

माणूस पुढं निघून जायचा. आप्पांना त्याचं काही नसे. ते माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघत आणि मला शिकवत, "तिथीची पाऊणपट कर. जेवढं येल तेवढ्या वाजता भरती पुरी." पाऊणपट माझ्या डोक्यात शिरायची नाही. गिऱ्हाईक खोळंबायचं आणि दळण जाडं पडायचं.

आप्पांना समुद्राच्या कडेनं चालत जायचं होतं. पालघरच्या बाजूला कुठंतरी वाळूत उतरायचं, सकाळभर चालायचं, वाटेतली खाडी पायी ओलांडायची आणि पल्याडचं गाव गाठायचं. खाडीत ओहोटीला गुडघ्याएवढंच पाणी असतं, असं त्यांना बाजारात सुकी मासळी विकायला येणाऱ्या बाईनं सांगितलं होतं. तेवढ्यावर त्यांनी सगळा बेत उभा केला. सरावासाठी ते नदीच्या वाळूत चपला हातात घेऊन फेऱ्या मारत. कपडे धुणाऱ्या बायकांनी आधी हसून घेतलं, मग त्यांची कीव केली आणि शेवटी त्यांच्याकडं बघायचंच सोडलं.

बेत मात्र जमत नव्हता. अमावस्या-पुनवेच्या आसपास पाणी लांब ओसरतं, पण पहाटे. आणि पहाटे तिथं पोचवणारी गाडी आमच्याकडून निघत नाही. अष्टमीच्या आसपास ओहोटी सोयीच्या वेळी येते, पण तेव्हा भांग असतो, म्हणजे पाणी फारसं मागं हटत नाही. "चंद्राचं आणि एसटीचं जमत नाय रे," आप्पा म्हणायचे. पावसाळ्यात दर्या खवळलेला, उन्हाळ्यात वाळू तापलेली, हिवाळ्यात भात झोडायचं. अशी वर्षं गेली. आप्पांच्या गुडघ्यांना सूज यायला लागली.

एकदा माझी बायको न राहवून म्हणाली, "आप्पा, त्या गावाला डांबरी रस्ता हाय. रिक्षा दारात जाते. तुमी वाळूतनं कशाला मरता?"

आप्पा दळण न घेताच उठून गेले.

त्या गावात त्यांची मुलगी आहे. सुमन, एकुलती एक. बायको गेल्यावर आप्पांनीच वाढवलेली. तिच्या मुलाच्या बारशाला आप्पा गेले, तेव्हा व्याह्यांच्या माणसांची पंगत आधी बसली आणि आप्पांना ओटीवर थांबवलं. आप्पा आधीच तापट. भर मांडवात ओरडले, "या रस्त्यानं मी परत पाय टाकणार नाय!" कडेवर बाळ घेतलेली सुमन दमलेली होती. ती म्हणाली, "नका टाकू."

एवढंच झालं. ते बाळ आता मिसरूड फुटायच्या वयाचं असेल.

आणि आप्पा शब्दाचे इतके पक्के, की हॉटेलवाल्याला एकदा रागानं "तुझ्या बाकड्यावर बसणार नाय" म्हणाले, दुसऱ्या दिवशी भांडण मिटलं, तरी अजून चहा उभ्यानं पितात. मी विषय काढला तेव्हा मला म्हणाले, "रस्त्यानं येणार नाय असं बोललो. दर्यावरनं येणार नाय असं कुठं बोललो?"

यंदा त्यांना गिरणीची एवढीशी पायरी चढताना धाप लागलेली बघितली आणि मी गिरणी बंद ठेवली. आदल्या दिवशी आम्ही पालघरला माझ्या मेव्हण्याकडं मुक्काम केला. द्वितीयेच्या सकाळी उजाडता उजाडता वाळूत उतरलो. पाणी खरोखरच लांब गेलं होतं. आप्पांच्या खांद्याला पिशवी, तिच्यात घरच्या भाताचे पोहे आणि नाचणीचे पापड. ते पोरासारखे चालत होते आणि तोंड थांबत नव्हतं. "बघ, बोललो नव्हतो? बघ!"

खाडीशी आलो आणि थांबलो. पाणी गुडघ्याएवढं नव्हतंच. काळंभोर, खोल. काठावर एक होडीवाला चिखलात कललेल्या होडीत बसून जाळं सांधत होता.

"पायी?" तो हसला. "बाबा, धक्क्यासाठी गाळ काढला ना. आता पायी कोण जातंय? पाणी चढू द्या. होडी तरंगली की सोडतो."

आप्पा वाळूत बसले. इतकी वर्षं ओहोटीची वाट बघणारा माणूस आता भरतीची वाट बघत होता. समोर, खाडीच्या पल्याड, सुमनच्या गावातली घरं दिसत होती. दुपार चढली, पाणी चढलं, होडी हलली.

"चला बाबा."

आप्पा उठेनात.

"आप्पा, चला ना," मी म्हटलं.

"ती 'नका येऊ' बोलली तर?" ते म्हणाले. "आता परत बोलली, तर मी काय करू रे?"

मी समजावलं, रागावलोही. शेवटी त्यांनी पिशवी होडीवाल्याच्या हातात दिली. "सुमनच्या घरी दे. कोणी दिली ते सांगू नको."

होडी गेली. बऱ्याच वेळानं पल्याडच्या घरांतून एक बाई धावत काठावर आली आणि कपाळावर हात धरून आमच्याकडं बघायला लागली. पोहे बघूनच तिला कळलं असावं. आप्पा झटकन सुरूच्या झाडामागं गेले.

"तीच काय रे? मला काय दिसत नाय. बारीक झालेय काय?"

"नाही. चांगली आहे."

"केस पिकलेत?"

"थोडेसे. कानाजवळ."

"हसते काय?"

इतक्या लांबून मलाही निळ्या लुगड्याखेरीज काही दिसत नव्हतं.

"हसतेय, आप्पा," मी म्हटलं.

सुरूच्या खोडाला कपाळ टेकून ते म्हणाले, "अजून सांग."