आमच्याकडे भाजत नाहीत

आमच्या खालच्या मजल्यावरचे चौगुले अण्णा लाडू व्हर्नियरने मोजतात. व्हर्नियर म्हणजे कारखान्यात नटबोल्टांची जाडी मोजायची ती जबडेवाली पट्टी. अण्णा निवृत्त झाले, पट्टी झाली नाही. दर रविवारी सकाळी ताटात खजुराचे गोळे रांगेने मांडायचे, एकेक पट्टीच्या जबड्यात धरायचा, आणि तीस मिलिमीटरला जरा जरी कमी भरला तरी त्याला परत पातेल्यात ढकलायचं, असा त्यांचा कार्यक्रम असतो. नापास गोळ्याकडे ते ज्या नजरेने बघतात, तशी नजर मी फक्त दहावीच्या गणिताच्या सरांची पाहिली आहे.

अण्णा मूळचे निपाणीचे. चाळीस वर्षं बंगळुरात एका सरकारी कारखान्यात तपासनीस होते. मी पुण्याहून नोकरीसाठी आले आणि जयनगरमधल्या या जुन्या इमारतीत त्यांच्या डोक्यावर राहायला लागले. वर्षभराने एका रविवारी बेल वाजली, तर अण्णा दारात डबा घेऊन उभे.

"लाडू?" मी आनंदाने विचारलं.

"याला लाडू म्हणायचं नाही हं. हे बाइट. नो-बेक बाइट. ओव्हन नको, गॅस नको, काही नको."

"अण्णा, खजुराच्या लाडवाला माझ्या आजीनेही कधी ओव्हन लावला नव्हता."

"तुझी आजी वजन करत होती काय? मग सोड की!"

कृती त्यांनी मला तोंडपाठ करायला लावली. बिया काढलेला खजूर दोनशे ग्रॅम, ओट्स शंभर, शेंगदाण्याचं कूट ऐंशी, जवस, तीळ, चमचाभर कोको. सगळं मिक्सरमधून काढायचं, मळायचं, वीस ग्रॅमचा गोळा वळून सुक्या खोबऱ्यात घोळवायचा आणि अर्धा तास फ्रीजमध्ये. मी एकदा खजूर मुठीनेच टाकायला गेले, तर अण्णांनी माझं मनगट धरलं. "स्वल्प थांब. आधी वजन." हे त्यांचं पालुपद. भाजीवाल्यापाशी, डॉक्टरांपाशी, इमारतीच्या सभेत, सगळीकडे आधी स्वल्प थांबायचं असतं.

इथवर ठीक होतं. निवृत्त माणसाला छंद असावा. गोळेही चवीला वाईट नव्हते, हे मी अण्णांसमोर कधी कबूल केलं नाही. पण छंदापायी या गृहस्थांनी घरातला गॅसच काढून टाकला होता! पोळीभाजी मेसमधून यायची, भाताला विजेचा कुकर, चहाला आपोआप बंद होणारी किटली. "आमच्याकडे भाजत नाहीत," ते छाती काढून सांगायचे. "भाजलं की सत्त्व गेलं." शेंगदाणे मात्र बसवनगुडीतल्या दुकानातून खरपूस भाजलेले आणायचे. म्हणजे भाजायला हरकत नव्हती, दुसऱ्याने भाजायला हवं होतं. हे मी त्यांना सुनावलं, तेव्हा ते "सरी, सरी", म्हणजे कानडीत बरं बरं, म्हणत जिना उतरून गेले.

इमारतीचा राग वेगळाच होता. तो सुमनअक्कांसाठी होता. अक्का म्हणजे अण्णांच्या पत्नी. त्यांचे बेसनलाडू मी आल्यावर पहिलं वर्षभर खाल्ले आणि मग अण्णांचं हे खूळ सुरू झालं. अक्का बेसन भाजताना घड्याळ बघत नसत, रंगही बघत नसत. चष्मा काढून ठेवायचा, डोळे मिटायचे, मंद आचेवर उलथणं फिरवत राहायचं आणि वास सुटला की गॅस बंद. बेसन भाजायला घेतलं की मी जिन्यात उगाच चपला शोधत उभी राहायचे. इमारतीच्या गणपतीला वर्षानुवर्षं त्यांचाच प्रसाद असे. आता प्रसादाला बाइट येत होते, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या सरोजम्मा दरवेळी एक बाइट हातात घेऊन "पाप, अक्का!" म्हणायच्या. कानडीत म्हणजे बिचारी अक्का. त्या बिचाऱ्या अक्का मात्र अण्णांशेजारी बसून मुकाट्याने गोळे वळत असायच्या.

यंदा मी ठरवलं की अक्कांना त्यांचं बेसन परत मिळवून द्यायचं. गणपतीच्या दोन दिवस आधी अण्णा डोळे तपासायला गेले, तशी मी खाली उतरले. "अक्का, माझ्या ओट्यावर चला. बेसन आहे, तूप आहे. अण्णांना कळणारसुद्धा नाही."

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. नको म्हणतील असं वाटलं. मग म्हणाल्या, "बेसन म्हणतीस? बघूया की." आणि माझ्या आधी जिना चढल्या.

कढई ठेवली, तूप पातळ झालं, बेसन पडलं. अक्कांनी चष्मा काढून ओट्यावर ठेवला. एवढ्यात माझ्या ऑफिसचा फोन आला. मी आतल्या खोलीत गेले आणि तिथेच अडकले. आधी तो खमंग वास आला. मी फोनवर बोलता बोलता हसले. मग तो वास बदलला. मी धावत स्वयंपाकघरात आले.

बेसन काळं पडलं होतं. अक्का डोळे मिटून शांतपणे उलथणं फिरवत होत्या. माझी चाहूल लागली, तशा म्हणाल्या, "अजून वास सुटला नाही गं."

मी गॅस बंद केला. त्यांनी डोळे उघडले, चष्मा लावला, कढईत पाहिलं.

"मला वाटलं," त्या म्हणाल्या, "बेसनाचा तरी येईल."

तेवढ्यात उघड्या दारातून अण्णा आत आले. घरी अक्का नाहीत म्हणून ते सरळ वर आले होते. त्यांनी कढई पाहिली, अक्कांना पाहिलं, त्यांच्या हातातलं उलथणं काढून घेतलं. "बस, सुमन. पाणी पी." एवढं होतंय तोवर करपलेल्या वासाने सरोजम्मा दारात हजर. काय जळलं, कुणी जाळलं?

"मी!" अण्णा उलथणं उगारून गरजले. "मीच केला गॅस मोठा! किती वेळा सांगायचं, आमच्याकडे भाजत नाहीत म्हणून?"

सरोजम्मांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, अक्कांकडे बघून "पाप!" म्हटलं आणि त्या निघून गेल्या. आता संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळणार होतं. अण्णांनी उलथणं सिंकमध्ये ठेवलं आणि ते कढई घासायला लागले.

अक्कांना खाली सोडून ते जिन्यात माझ्यापाशी थांबले. "दोन वर्षांमागं ताप आला होता बघ. त्यात तिचा वास गेला. डॉक्टर म्हणतात, येईल, नाहीतर नाही. एकदा मी फिरून आलो, तर दूध उतू जाऊन गॅस विझलेला, घरभर गॅस भरलेला, आणि ही ओट्यापाशी निवांत भाजी निवडत बसलेली. दुसऱ्या दिवशी गॅस काढून सोडला."

"मग सांगायचं ना सगळ्यांना, अण्णा. कोण काय म्हणणार होतं?"

"म्हणणार काय? येऊन कीव करतील. इतकी वर्षं हिच्या हातचं खाऊन लोक वा वा म्हणत आलेत, तिला ते सोसणार नाही. मला येडा म्हटले तर माझं काय जातं?" त्यांनी चष्मा पुसला. "वजनानं केलं की वास लागत नाही. वळायला हात पुरतात. म्हणून हे शोधून काढलं की."

अण्णा खाली गेले. मी तिथेच पायरीवर बसले. मला माझी अतिशय लाज वाटत होती, आणि वर घरात अजून करपलेल्या बेसनाचा वास होता. मी खिडक्या उघडल्या नाहीत.

गणपतीच्या दिवशी आरतीनंतर अक्का ताट घेऊन उभ्या राहिल्या. सगळे गोळे एकाच मापाचे, वर पांढरं खोबरं. सरोजम्मांनी सुस्कारा टाकला. नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी मोठ्या निरागसपणे विचारलं, "अक्का, तुमचे बेसनलाडू फार छान असतात म्हणे. यंदा नाही केलेत?"

अण्णांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी मीच बोलले, तेही सगळ्या मांडवाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"कशा करतील? हे अण्णा करू देतील तर ना! काय हटवादी माणूस आहे हो, परवा माझ्या घरात येऊन कढईभर बेसन जाळून गेले!"

मग काय, सगळे अण्णांवर तुटून पडले. मराठीत, कानडीत, हिंदीत. मीही मागे राहिले नाही. अक्का माझ्या पानात एकाऐवजी दोन गोळे ठेवून पुढच्या माणसाकडे वळल्या. अण्णा मान खाली घालून सगळ्यांचं ऐकून घेत होते. इतक्या समाधानाने बोलणी खाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.