थोरल्या सिस्टरांनी मन मोकळं केलं

"मन मोकळं करा," असा हुकूम वरून आला, तोही दुपारच्या औषधांच्या ऐन वेळी. थोरल्या सिस्टर भडकल्या. मन म्हणजे काय तुंबलेलं बेसिन आहे, साहेबांनी सांगितलं की मोकळं करायला! तरी वॉर्डाच्या कोपऱ्यात, साहेबांनी पाठवलेल्या समुपदेशक बाईंसमोर मांडलेल्या खुर्चीवर त्या बसल्या, कारण सांगण्यासारखं खरंच होतं. हल्ली घरी जाताना त्या अर्ध्या वाटेवरून परत फिरायच्या. सलाईन बंद केलं ना? इंजेक्शन योग्य पेशंटलाच दिलं ना? आजही कुणी ऐकून घेतलं नाही, तर नोकरीला रामराम ठोकायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"मनात येईल ते बोला हं," समुपदेशक बाई गोड आवाजात म्हणाल्या.

"मला भीती वाटते. छातीत धडधडतं..."

नर्सांच्या घोळक्यात छातीचं नाव काढायचं नसतं. एकीने मनगट धरलं, सगळ्यात धाकट्या नर्सने दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला.

"डाव्या हातात कळ येतेय का?"

"अगं, मी बोलतेय!"

"बोलू नका, थर्मामीटर पडेल."

संतापाने बीपी चढलं. चढलेलं बीपी पाहून स्ट्रेचर आलं. "चिडचिड होतेय, ऑक्सिजन लावा," कुणीतरी म्हणालं. समुपदेशक बाईंच्या हातात सलाईनची बाटली देण्यात आली. ती उंच धरून त्या मुकाट उभ्या राहिल्या. आणि तक्रार करायची कुणाकडे? 'आधी नाडी, मग गप्पा' हे पोरींना थोरल्या सिस्टरांनीच शिकवलं होतं.

शेवटी त्यांना रिकाम्या खाटेवर आडवं करून सगळ्याजणी डॉक्टरांना शोधायला पळाल्या. शेजारच्या खाटेवर खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजी होत्या.

"काय झालं गं पोरी?"

पन्नाशीच्या सिस्टरांना हे कितीतरी दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"एवढंच ना? मी घराचं कुलूप ओढून बघायला बसमधून उतरायचे."

"मग?"

"मग काय, पुढची बस."

थोरल्या सिस्टर हसल्या, आणि हसता हसता हमसून रडू लागल्या. पोरी धावत आल्या. आजींनी काठी उगारली.

"खबरदार कुणी हात लावला तर! रडतेय ती. आजारी नाही!"

हाताला काही कामच उरलं नाही, तशी धाकटी खाटेच्या कडेला टेकली. हळूच म्हणाली, "सिस्टर, मीपण अर्ध्यातून परत येते. रोज."

"अगं, मग एकटी कशाला येतेस?" थोरल्या सिस्टर डोळे पुसत खेकसल्या. "मला हाक मारायला काय झालं होतं?"