तीन खोल्यांचा अंदाज

बाळीवेशीतल्या गुरुबसप्पाने हयातभर न मोजता धान्य विकले, त्याच्या शिवलिंगप्पाने न मोजता दान केले आणि शिवलिंगप्पाच्या ईरप्पाने न मोजता उसने काढून रस्त्याकडेला तीन खोल्या बांधल्या. चौथ्या पिढीत ईरप्पाचा मल्लप्पा निपजला आणि या घराण्यात प्रथमच हिशेबासाठी कागदावर रेघ ओढली गेली.

ओढणे भागच होते. वडिलांच्या कर्जातले चोवीस रुपये अजून आडत्या चनबसप्पाचे देणे होते आणि खोल्या त्याच्याकडे गहाण होत्या. सन १९३५च्या संक्रांतीनंतर तिसऱ्या सकाळी पैसे दिसले नाहीत, तर तो कुलूप घालणार होता. मल्लप्पाने ठरवले, गड्ड्याच्या यात्रेला येणाऱ्यांना पाच दिवस खोल्या भाड्याने द्यायच्या.

"अव्वा, ऐक. तीन खोल्या, दोन रुपये रोज, पाच दिवस. तीस झाले. चुना एक, पाणक्या दीड, घासलेट आठ आणे, चटयांचं भाडं दोन, किरकोळ एक. खर्च सहा. उरले चोवीस!"

त्याच्या आईने, गुरम्माने, तीळ निवडता निवडता विचारले, "किरकोळ म्हंजे काय रे?"

"जे आठवत न्हाय ते."

"मग एक रुपयात कसं बसंल? तुला तर लई आठवत न्हाय की."

भोगीच्या सकाळी इंडीकडचे बसलिंगप्पा बायकामुलांसह अकरा माणसे आणि बैलगाडी घेऊन उतरले. तिन्ही खोल्या त्यांनीच घेतल्या. पैसे निघताना द्यायचे ठरले. मल्लप्पाला आभाळ ठेंगणे झाले. तोच बसलिंगप्पांच्या कारभारणीने अंगणात चुलीसाठी तीन दगड मांडले आणि ते गुरम्माच्या दृष्टीस पडले.

"उचला ते दगड! भोगीच्या दिवशी माझ्या घरी येऊन परक्यासारखं रांधता?"

"अव्वा, भाडेकरू हायत ते," मल्लप्पा कुजबुजला.

"तुझ्या कागदावर असतील. उंबऱ्याच्या आत पाहुणे हायत. भाकरीला पीठ काढ."

अंदाजात भोगी धरायची राहिली होती. एका जेवणाने काय बुडते, अशी मल्लप्पाने मनाची समजूत घातली. परंतु भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी वाढणारी बाई संक्रांतीला शेंगापोळी चुकवील कशी? पाहुणे "साकु, अव्वा, साकु" म्हणत पुरे पुरे करीत ताटावर हात आडवे धरीत आणि गुरम्मा बोटांच्या फटीतून तूप सोडी. किंक्रांतीला प्रवासाचे बोलू नये, म्हणून तोही दिवस पंगतीत गेला. बैलांनाही पेंड लागली. कागदाची पुढली बाजू संपली. मल्लप्पाने पाठीमागे लिहायला घेतले. साठवणीच्या ज्वारीचा तळ दिसू लागला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी बसलिंगप्पांनी कनवटीचे तीस रुपये गुरम्मापुढे ठेवले. मल्लप्पाचा हात आपोआप पुढे झाला. गुरम्माने त्यावर पळी मारली.

"ज्याला घास घातला, त्याच्याकडनं जागेचं भाडं? आमचं दुकान न्हाय."

"अव्वा, उद्या कुलूप लागंल!"

"लागू दे. कुलूप दाराला लागतं, तोंडाला न्हाय."



पाचव्या सकाळी चनबसप्पा हातात भले थोरले कुलूप घेऊन आला. "काय मल्लप्पा, चोवीस काढतोस, का सामान काढतोस?"

ओसरीवर कडक भाकरी मोडत बसलेले बसलिंगप्पा मागे वळले. चनबसप्पाचा हात कुलपासह धोतराच्या सोग्याआड गेला. बसलिंगप्पा त्याच्या थोरल्या लेकीचे सासरे होते.

"या, व्याही," बसलिंगप्पा शांतपणे म्हणाले. "तुमचं पत्र पावलं होतं. घरात जागा न्हाय, जत्रंला येऊ नका म्हणालात. ह्या अव्वाला आमची वळख न पाळख, पण अकरा माणसं जेवू घातली. भाडं सुद्धा घेतलं न्हाय. तुमच्या लेकीला सांगतो की, तुझ्या बापाच्या गावात माणसं लई चांगली हायत!"

चनबसप्पा लगबगीने पुढे झाला. "छे छे, व्याही! तो सगळा खर्च माझाच की. अव्वा, सांगा किती झाले?"

मल्लप्पाने आशेने आईकडे पाहिले. पळी या वेळी उठली नव्हती.

"खाणाऱ्याकडनं मी घेणार न्हाय," गुरम्मा म्हणाली. "पण ज्यानं वाढायचं हुतं, त्यानं दिलं तर त्यात पाप न्हाय. वाच रे."

मल्लप्पाने कागद उलटा केला. "जेवणाचे तेरा रुपये बारा आणे. बैलांचे तीन. आणि पैल्या अंदाजातले सहा. बावीस रुपये बारा आणे."

"राहू द्या, चोवीसच धरा!" चनबसप्पा घाईने म्हणाला. "कर्ज फिटलं. वरचं सोडलं मी."

"सोडलं?" गुरम्मा ताठ उभी राहिली. "माझ्या मालकाचं कर्ज तू सोडणार?"

तिने पदराची गाठ दाताने सोडली, उरलेला सव्वा रुपया मोजून ओसरीवर ठेवला आणि जोंधळ्याच्या पिठाचे हात पुसून गहाणखत मागितले. चनबसप्पाने व्याह्यांदेखत त्यावर लिहिले, 'चोवीस रुपये संपूर्ण पावले'. गुरम्माने शाई वाळू दिली, कागद देव्हाऱ्यात ठेवला आणि चनबसप्पासाठी ताट मांडायला आत गेली.