वीस सेकंदांत फुली गायब!

रसायनशास्त्रात माझ्याकडून चूक होत नाही, हे मी शिक्षकांच्या खोलीत दर आठवड्याला सांगतो. म्हणूनच तपासणीला शिक्षणाधिकारी दामले येणार म्हटल्यावर मुख्याध्यापिका सुहासिनीबाईंनी माझाच दहावीचा तास ठेवला. मी नोकरीत कायम होणार की नाही, हे दामल्यांच्या शेऱ्यावर होतं!

प्रयोग साधा. कागदावर फुली काढायची, त्यावर थायोसल्फेटच्या द्रावणाचं काचपात्र ठेवायचं आणि आम्ल ओतायचं. द्रावण गढूळ होतं, फुली दिसेनाशी होते. पाणी कमी, द्रावण कडक, तर फुली लवकर गायब!

"पहिलं वीस सेकंद, दुसरं चाळीस, तिसरं ऐंशी!" मी तीन बाटल्यांतली कमी-जास्त कडक द्रावणं तीन पात्रांत ओतून जाहीर केलं आणि तिन्हींत आम्ल ओतलं.

मुलं ओरडून मोजू लागली. अठरा! एकोणीस! वीस! पहिल्यातली फुली ठणठणीत. तिसऱ्यातली गायब!

"सर, म्हणजे पाणी वाढवलं की वेग वाढतो?" स्पृहाने वहीत लिहूनही टाकलं.

मी प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या बद्रीनाथकडे पाहिलं. "अरे, बाटल्यांवरचे आकडे?"

"पुसले की! साहेब येणार म्हणून सगळं चकाचक केलं."

"नवा शोध दिसतोय," दामले म्हणाले.

"साहेब, पुन्हा! मोठ्या प्रमाणावर!" मी तिसऱ्या बाटलीतलं उरलेलं सगळं द्रावण मोठ्या पात्रात ओतलं. आम्लही सढळ हाताने! क्षणात पांढरंफटक! "बघा, चार सेकंद!" मी अक्षरशः उडी मारली.

मग वास आला. हजार काड्या एकदम पेटवल्यासारखा! दामले खोकत सुटले. पहिल्या बाकावरचा आमोद "गॅस! गॅस!" ओरडत बाहेर धावला. शेजारच्या नववीला वाटलं, सिलिंडर फुटतोय. शिपायाने घंटा बडवली आणि बघता बघता अख्खी शाळा मैदानात!

"छान," सुहासिनीबाई मला म्हणाल्या. "आता आपणही दिसेनासे होणार."

दामले नाकावर रुमाल धरून रांगांकडे बघत होते.

"बाई, सहाशे मुलं, तीन मिनिटांत बाहेर? धक्काबुक्की नाही? न सांगता घेतलेली आपत्कालीन कवायत! वा!"

"प्रथाच आहे आमची," बाई शांतपणे म्हणाल्या.

शेरा आला, 'उत्कृष्ट'! मी कायम झालो! रसायनशास्त्र मात्र नव्या बाईंकडे गेलं. माझ्याकडे आपत्कालीन कवायतीची शिट्टी आणि वाळूच्या आठ बादल्या आहेत.