काळजाच्या बाजूची मेडलं

सव्वीस जानेवारीच्या सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी ठरवलं की मामाजींची मेडलं आपणच लावून टाकू. (वेळ एवढी नेमकी आठवते, कारण नंतर घरी जमलेल्या प्रत्येकानं ती मला दरडावून विचारली.)

मामाजी म्हणजे माझे सासरे, हवालदार सेवकराम. फौजेतून करडीला परत आले त्याला एकवीस वर्षं झाली. तेव्हापासून त्यांची तीन मेडलं कपाटात डांबरगोळ्यांसोबत मुकाट्यानं नोकरी करत होती. यंदा पहिल्यांदाच वरठीच्या माजी सैनिकांच्या मंडळाचं पत्र आलं: सत्कार आहे, साध्या कोटावर मेडलं लावून यावं. मामाजींनी ते पत्र आठ दिवस खिशात बाळगलं. शेजारच्या भय्याजींना दाखवलं, किराणावाल्याला दाखवलं, बसच्या कंडक्टरला दाखवलं. बैलांना दाखवायचं तेवढं राहिलं.

आंघोळीला जाता जाता ते ओरडले, "राखी, मेडलं काळजाच्या बाजूले लावजो वं बाई! एका ओळीत!"

कोट आमच्या ह्यांचा, लग्नातला. खाटेवर ठेवून लावला तर ओळ वाकडी येते, म्हणून मी ह्यांनाच तो घालून समोर उभं केलं. (नवऱ्याचा काहीतरी उपयोग व्हावा, एवढीच माझी इच्छा.) माझ्या कडेवर खुशबू, वय पावणेदोन वर्षं, जगातली प्रत्येक वस्तू खाण्यासाठीच आहे असं समजणारी. हातात सेफ्टी पिना. एक पिन दिसेनाशी झाली, तर मी पोरीच्या तोंडात बोट घातलं, तिला उलटं करून झटकलं, डॉक्टरांचा नंबर लावला. पिन माझ्याच पदराला होती.

अशा अवस्थेत काळीज शोधायला लांब जावं लागलं नाही. माझं धडधडतच होतं. ते जिथं धडधडत होतं, त्याच्या बरोबर समोर, सरळ रेषेत, मी ह्यांच्या छातीवर तिन्ही मेडलं लावली.

"बरोबर हाय न?" मी विचारलं.

"मी तर अख्खा मेजर दिसून राहिलो," हे आरशात मिशी बघत म्हणाले.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई सुलोचनाबाई, चष्मा लावून आल्या. त्यांनी दोरा धरून ओळ तपासली. ओळ सरळ होती. बाजू कोणती, हे तपासायचं मात्र आमच्या हुशार घराण्यात कोणालाच सुचलं नाही. मग ह्यांनी कोट उतरवून मामाजींना घातला. थंडी होती, मामाजींनी कोटावर शाल लपेटली आणि ह्यांच्या मोटरसायकलवर बसून निघाले. आम्ही बायका ऑटोनं मागून.

मैदानात मंच होता. मंचावर सोफे, माजी सैनिकांसाठी. खाली खुर्च्यांची वेगळी रांग. फाटकाशी एक रिटायर्ड कर्नल साहेब उभे होते. मामाजींनी त्यांच्या हातात मंडळाचं पत्र दिलं आणि शाल काढली. साहेबांनी पत्रावरचं नाव वाचलं, छातीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. मामाजींचे दोन्ही हात हातात घेऊन ते हळूच म्हणाले, "आप इधर बैठिए." आणि त्यांना खालच्या रांगेत नेऊन बसवलं, दोन म्हाताऱ्या बायांच्या मधोमध.

मामाजी बसले.

तेवढ्यात सूत्रसंचालन करणारे श्यामराव गुरुजी माइकवर आले. "माहितीसाठी सांगतो. सैनिक स्वतःची मेडलं डाव्या छातीवर लावतो. सैनिक हयात नसेल, तर त्याच्या घरचे लोक ती उजव्या छातीवर लावतात. आज खालच्या रांगेत अशी कुटुंबं बसली आहेत."

मी मामाजींकडे पाहिलं. मग स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग परत मामाजींकडे. माझ्या पायाखालची वरठी सरकली. एकवीस वर्षांनी माणसाला सोफा मिळणार होता, आणि मी त्याला तीन सेफ्टी पिनांत कैलासवासी करून टाकलं होतं.

"अवो, जा न, सांगा न त्यायले!" मी ह्यांना ढोसलं.

"आता मधात कसा जाऊ? साहेब उभे हायेत." (मघाचे मेजर.)

साहेबांनी पाठवलेली चिठ्ठी वाचत माइक पुन्हा बोलला. "कैलासवासी हवालदार सेवकराम, राहणार करडी, यांच्या स्मृतीस आपण दोन मिनिटं उभं राहून..."

सगळ्यात आधी मामाजीच उभे राहिले. ताठ, सावधान, मान खाली.

"कावं राखी," आत्याबाई कुजबुजल्या, "कोणाचं नाव घेतलं यानं?"

"मामाजीचं, आत्याबाई."

"मंग हे काहून उभे हायेत?"

"आपल्याच श्रद्धांजलीले उभे हायेत जी."

दोन मिनिटांतलं जेमतेम अर्धं मिनिट झालं असेल. त्या शांततेत आत्याबाईंचा आवाज रेल्वे स्टेशनापर्यंत गेला असावा. "ओ गुरुजी! माह्या कपाळावर हे एवढं कुंकू हाय, तुमाले दिसून नाही राहिलं का? माह्या जित्या माणसाले कायले मारून राहिले?"

कर्नल साहेब धावत आले. "आप कौन?"

"हवालदार सेवकराम, साहेब!"

"तो बताया क्यों नहीं?"

"साहेब का ऑर्डर था," मामाजी म्हणाले. "बैठो बोला, बैठ गया. खडे रहो बोला, खडा रहा."

साहेबांनी स्वतःच्या हातानं तिन्ही मेडलं काढली आणि डाव्या बाजूला लावली. मामाजींना धरून मंचावर नेलं, मधल्या सोफ्यावर बसवलं. एवढ्या टाळ्या त्या दिवशी कोणालाच मिळाल्या नाहीत. मेलेला माणूस परत आल्यावर लोक जरा जास्तच वाजवतात.

पण आत्याबाई ओरडायच्या आधीच भय्याजींच्या गोलूनं फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला होता. मामाजी सावधान, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. आम्ही घरी पोचेपर्यंत अंगणात चाळीस माणसं. लाखनीहून माझे बाबा गाडी करून निघालेले. फोन थांबेना, आणि प्रत्येक फोन मामाजीच हौसेनं उचलतात: "हो, हो, आज सकायीच गेलो. नाही, तरास काहीच नाही झाला. तुमी कोण बोलून राहिले?"

तेव्हा तुम्हाला एकच विनंती. करडीच्या रस्त्यावर रडवेल्या चेहऱ्याचं कोणी भेटलं, तर निरोप द्या: हवालदार सेवकराम ठणठणीत आहेत, परत फिरा. फक्त माझ्या माहेरचे असतील तर त्यांना येऊ द्या. आत्याबाई मैदानातून निघाल्यापासून माझ्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत. त्या बोलायला लागल्या, की माझ्यासाठी रडायला कोणीतरी लागेलच; माहेरच्यांची फेरी वाया जाणार नाही.