लाल गाडी, पिवळी गाडी आणि साडेसहा इंच

"उद्या बरोबर दहा वाजता गॅलरीत येऊन उभी राहा," त्याने रात्री जेवताना बायकोला बजावलं. "लाल रंगाची असेल. आधी आवाज येईल, मग गाडी."

"दहाला माझं कपड्यांचं मशीन लागलेलं असतं."

"मशीन अकराला लाव. असा दिवस पुन्हा येणार नाही."

हे शेवटचं वाक्य पुढे शब्दशः खरं ठरलं, पण ते नंतर सांगतो.

हा गृहस्थ मोटारींच्या एका मासिकात गेली अकरा वर्षं 'रस्ता की ट्रॅक?' नावाचं सदर लिहीत होता. ऑफिसात सगळे त्याला तुलनाकार म्हणायचे. दर महिन्याला दोन महागड्या स्पोर्ट्स कार घ्यायच्या, त्या शेजारी शेजारी मांडायच्या आणि रोज रस्त्यावर फिरवायला कोणती बरी, ट्रॅकवर पळवायला कोणती, ते दहापैकी मार्क देऊन सांगायचं, हे त्याचं काम. वाचकांचा त्याच्यावर भारी विश्वास होता. लोक त्याचे मार्क कापून ठेवायचे.

सगळं कसं छान होतं. फक्त एक बारीकशी गोष्ट होती. यांतल्या एकाही गाडीत तो कधी बसलेला नव्हता.

कंपन्या माहितीचे कागद पाठवायच्या. ते तो जेवणाच्या टेबलावर पसरायचा, पट्टी घ्यायचा, लाल आणि निळं पेन घ्यायचा आणि लिहायचा, 'वळणावर ही गाडी रस्त्याला अशी चिकटते की चालकाच्या मनातलं तिला आधीच कळावं.' हे तो लिहायचा तेव्हा ज्या खुर्चीवर बसलेला असायचा, तिच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी असायची. ऑफिसला जायचा बसने, बहुतेक वेळा उभ्याने. लायसन्स होतं, मेहुण्याची जुनी गाडी तो अधूनमधून चालवायचाही. पण तिची तुलना करायची तर दुसरी तेवढी वाईट गाडी सापडायला हवी.

हे सगळं फक्त बायकोला माहीत होतं. बिचारी पोळ्या लाटता लाटता आकडे ऐकायची. ज्या गाड्या तिने जन्मात पाहिल्या नव्हत्या, त्या शंभराचा वेग किती सेकंदांत गाठतात ते तिला पाठ होतं.

आणि दोन महिन्यांपूर्वी मासिकाकडे एक पत्र आलं. एकाच ओळीचं. 'लेखकमहोदय या गाड्यांत कधी बसले आहेत का? – एक नियमित वाचक.'

संपादकबाईंनी ते पत्र टेबलाच्या काचेखाली सरकवलं आणि त्याला बोलावून घेतलं.

"बसला आहात का?"

तुलनाकाराने पाण्याचा ग्लास उचलला, संपवला, पुन्हा भरला.

"कळलं मला," बाई म्हणाल्या. "अकरा वर्षं मी हे छापतेय. माझीच लाज निघायची." मग त्यांनी चार ठिकाणी फोन केले आणि एका कंपनीकडून एक दिवसासाठी दोन गाड्या मिळवल्या. "लाल रस्त्यासाठी, पिवळी ट्रॅकसाठी. सकाळी लाल घेऊन हायवेने ट्रॅकवर जायचं. पिवळी तिथे उभी असेल. ट्रॅक चारपर्यंत आपला आहे. दोन्ही चालवा आणि स्वतःच्या अनुभवाने लिहा. जमलं तर सदर तुमचं. नाही तर स्कूटरचं पान लिहिणाऱ्या बाई कधीच्या मागताहेत, त्यांना देऊन टाकते."

सदर गेलं तर त्याच्याकडे काय उरलं? मागच्या पानावरच्या टायरच्या जाहिराती तपासणं. पण पाठोपाठ दुसराही विचार आला, की अरे, आपण खरोखर बसणार. अकरा वर्षांनी.

आता त्याची दुसरी ओळख सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिच्यातच आहे. ऑफिसात तो तुलनाकार असला, तरी बिल्डिंगमध्ये तो सोसायटीचा सेक्रेटरी होता. गल्लीतून गाड्या सुसाट जातात म्हणून त्याने तीन वर्षं अर्ज करकरून गेटसमोर स्पीडब्रेकर मंजूर करून घेतला होता. काम सुरू झालं तेव्हा रजा टाकून, हातात टेप घेऊन तो उन्हात उभा राहिला होता.

"साहेब, चार इंच पुष्कळ झाले," रस्त्याच्या कामावरचा मुकादम म्हणाला होता.

"साडेसहा," तुलनाकार म्हणाला होता. "चार इंचाला कोण घाबरतंय?"

झाला साडेसहा इंचांचा. तेव्हापासून गल्लीतली प्रत्येक गाडी तिथे कण्हायची. बायकोची स्कूटरसुद्धा खालून घासायची. "हळू चालवत जा," एवढंच तो म्हणायचा.

तर त्याच्या डोक्यात दोन आकडे होते. लाल गाडीचं पोट आणि जमीन यांच्यातलं अंतर एकशे बारा मिलिमीटर, हा झोपेत विचारला तरी सांगता येईल असा आकडा. आणि स्पीडब्रेकर साडेसहा इंच, हा अभिमानाचा आकडा. एक मिलिमीटरमध्ये, एक इंचांत. एक ऑफिसचा, एक घरचा. इतकी वर्षं तुलना करण्यात घालवलेल्या या माणसाने या दोघांची तुलना तेवढी कधी केली नव्हती.

तर त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लाल गाडी ऑफिसच्या दारात आली. सोबत कंपनीचा माणूस, हातात पांढरे हातमोजे, बगलेत फाइल. गाडी इतकी खाली होती की आत बसताना तुलनाकाराला आपण जमिनीवर पाट मांडून बसतोय असं वाटलं. मग त्याने इंजिन चालू केलं. पहिल्याच सिग्नलला शेजारच्या बसमधले उभे लोक वाकून बघायला लागले. त्या बसमधून तो रोज जायचा.

"सर, हायवे डावीकडे," कंपनीचा माणूस म्हणाला.

"एक मिनिट घरावरून जाऊ."

"ते ठरलेल्या मार्गात नाही."

"अहो, रस्त्यावरची चाचणी आहे ना? मग गल्ली काय आकाशात असते?"

खरं कारण एवढंच होतं की गॅलरीत कोणीतरी उभं असणार होतं. आणि होतीही. ओले हात पदराला पुसत बायको उभी होती. तिच्या वरच्या आणि खालच्या गॅलऱ्याही भरल्या होत्या, कारण तुलनाकाराने आदल्या दिवशी पाण्याची टाकी धुण्याच्या नोटिशीखाली आपल्या येण्याची वेळही लिहून ठेवली होती. त्याने उजवा हात खिडकीतून बाहेर काढून हलवला.

"सर, समोर स्पीडब्रेकर आहे. नाक वर घ्या."

हे तुलनाकाराला माहीत होतं. कागदांच्या चौथ्या पानावर होतं, बटण दाबलं की गाडीचं नाक चाळीस मिलिमीटर उचललं जातं. या सोयीला त्याने दहापैकी नऊ दिले होते. बटण कुठे असतं ते मात्र चौथ्या पानावर नव्हतं. त्याने एक दाबलं, त्याची सीट मागे गेली. दुसरं दाबलं, गाडीने अशी डरकाळी फोडली की पहिल्या मजल्यावरची कुंडी खाली आली. तिसऱ्याला नाक वर आलं.

पुढची चाकं चढली आणि पलीकडे उतरली. तुलनाकार वर बघून हसला. तेवढ्यात त्याच्या बुडाखालून, अगदी पाटीवर खडू उलटा ओढावा तसा आवाज आला आणि गाडी थांबली. नाक उचलण्याची सोय होती, पोट उचलण्याची नव्हती. त्याने घाबरून पाय दाबला, तर मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि गल्लीभर धूर झाला.

"पाय काढा," कंपनीचा माणूस म्हणाला. "पाय काढा हो सर."

मग कंपनीचा माणूस स्वतः उतरला, चांगल्या कपड्यांनिशी रस्त्यावर पालथा झोपला, खाली बराच वेळ बघत राहिला. मग उठून बसला आणि हातातले पांढरे मोजे काढून खिशात ठेवले. "बसलीय," तो म्हणाला. "पुरती बसलीय."

पुढे शाळेची बस, मागे पाण्याचा टँकर. हॉर्न सुरू झाले. बिल्डिंग खाली उतरली.

"ढकलू या का?"

"हात लावायचा नाही," कंपनीचा माणूस गाडीला पाठ लावून उभा राहिला.

"मग सगळे मिळून उचलू या."

"कशाला धरून उचलणार? कुठेही धरलंत तरी काहीतरी तुटेल."

"पण काका," दुसऱ्या मजल्यावरची नर्स म्हणाली, "हा स्पीडब्रेकर तुम्हीच घातलात ना?"

"सोसायटीने," तुलनाकार पुटपुटला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने ते श्रेय वाटून घेतलं.

फोन वाजला. संपादकबाई. "कुठवर आलात?"

"निघालोय."

"ते कळलं. आलात कुठवर?"

"घरापर्यंत," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटून घेतले. संपलं सगळं, त्याला वाटलं, गाडीखालचा रस्ता उघडला तर सरळ आत जावं.

शेवटी ठरलं की गाडी उचलता येत नाही, तर स्पीडब्रेकर फोडायचा. मुकादमाला बोलावणं गेलं. तो तासाभराने दोन माणसं घेऊन आला. त्याने गाडी पाहिली, तुलनाकाराला पाहिलं, आणि त्याचा चेहरा असा फुलला की बघवेना.

"साहेब, मी तेव्हा काय म्हटलं होतं?"

"चार इंच," तुलनाकार म्हणाला. "फोडा आता."

"असा कसा फोडू? तुमचं पत्र आहे आमच्या ऑफिसात. 'सदर स्पीडब्रेकर कोणत्याही परिस्थितीत, कोणाच्याही सांगण्यावरून काढू अथवा कमी करू नये.' खाली दोन रेघा मारल्यात तुम्ही. वरून साहेबांनी शिक्काही दिलाय. आता उलटा अर्ज लागेल. कारणासकट."

मग तुलनाकाराने लाल गाडीच्या माहितीच्या एका कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर, टँकरच्या बॉनेटवर ठेवून, अर्ज लिहिला. 'सदर स्पीडब्रेकर मीच मागितला होता. त्याची उंची मीच वाढवून घेतली होती. आता त्यावर मीच अडकलो आहे. तरी तो तातडीने काढावा ही विनंती.' खाली सही केली. अकरा वर्षांत त्याने स्वतःच्या अनुभवावर लिहिलेला हा पहिला मजकूर.

यंत्राने फोडलं तर हादरे बसतील म्हणून छिन्नी-हातोड्याने फोडायचं ठरलं. मुकादमाची माणसं गाडीखाली आडवी झाली. दर घावाला कंपनीचा माणूस "हळू" म्हणायचा. बारा वाजले, एक वाजला. मुलं शाळेच्या बसमधून उतरून चालत घरी गेली. टँकरवाल्याने बसून बसून कंटाळून सोसायटीची टाकी भरून दिली. दोनला पुन्हा फोन आला.

"येऊ नका आता," संपादकबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "स्कूटरच्या बाईंना पाठवलंय ट्रॅकवर. दहा फेऱ्या झाल्या त्यांच्या. त्या म्हणतात, पिवळी वळणावर रस्त्याला चिकटत नाही, मागून सुटते. तुम्ही कागदांवरून किती दिले होते?"

"नऊ," तो म्हणाला.

"उद्यापासून टायरच्या जाहिराती बघा."

चारला गाडी सुटली. तिच्या पोटावर हातभर लांब ओरखडा होता. कंपनीच्या माणसाने त्याचे सतरा फोटो काढले आणि गाडी सपाट ट्रकवर चढवून घेऊन गेला. जाताना त्याने तुलनाकाराकडे मान वळवूनही बघितलं नाही. एकूण चाचणी सव्वातीन किलोमीटर.

संध्याकाळी तो त्या पुठ्ठ्याच्या खुर्चीवर बसून होता. बायकोने चहा आणून ठेवला आणि समोर बसली. सकाळपासून तिने एक अक्षर विचारलं नव्हतं.

"कशी होती हो?"

"शून्य ते शंभर..." त्याने सुरुवात केली आणि तो थांबला. "आवाज कानातून येत नाही गं. पायांतून येतो. तळव्यांपासून वर. मी आजवर सगळं कानाचंच लिहीत होतो. मला माहीतच नव्हतं."

बायकोने टेबलावरचा कागद उगाचच सरळ केला.

"ते पत्र मी लिहिलं होतं," ती म्हणाली.

"कोणतं?"

"नियमित वाचकाचं. दर महिन्याला इथे बसून तुम्ही लोकांसाठी गाड्या निवडता आणि सकाळी उभ्याने बसमधून जाता. मला बघवेना. म्हटलं, कोणी विचारलं तर निदान एकदा तरी बसवतील तुम्हाला."

काहीतरी चांगलं बोलावं असं तुलनाकाराला फार वाटलं, पण दिवसच तसा होता. तोंडातून निघालं ते भलतंच.

"म्हणजे तुझ्या पत्रापायी माझं सदर गेलं."

"माझ्या पत्रापायी?" बायको उठली आणि गॅलरीत गेली. खाली मुकादमाची माणसं उरलेले तुकडे घमेल्यात भरत होती. ती तिथूनच म्हणाली, "इकडे या जरा. किती उंच होता हो तो?"

तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. खाली बघितलं. त्याचे ओठ हलले, बोटं कठड्यावर काहीतरी मोजत राहिली.

"एकशे पासष्ट मिलिमीटर," तो म्हणाला.